सिल्वीची बियर

"ही सगळी बियर कुणाची?" बंदरावरच्या कस्टमवाल्या पोरीने डिकी उघडायला लावून विचारलं.

ओस्मोने आईकडे, सिल्वीकडे पाहिलं. मी, म्हणजे त्यांची शेजारीण हिल्का, मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत बसले.

"माझी," सिल्वी म्हणाली.

"आजी, एवढी?"

"का? म्हाताऱ्यांना तहान लागत नाही?"

पोरगी हसली आणि तिने गाडी सोडली. सिल्वीने उभ्या जन्मात बियरचा थेंब तोंडात घेतला नव्हता. शाळेच्या स्वयंपाकघरात लापशी ढवळण्यात तिचं आयुष्य गेलं. समुद्रापलीकडे, टाल्लिनला बियर आमच्या हेलसिंकीपेक्षा कितीतरी स्वस्त. पण माणसामागे ठरावीकच आणता येते, तीही स्वतःपुरती. म्हणून ओस्मोने आम्हा दोघी म्हाताऱ्यांना बोटीवर चढवलं होतं. माणसं म्हणून नाही, नुसती डोकी म्हणून. बोटीवर हेरिंग मासे आणि बटाटे खाऊ घातले, एवढाच काय तो आमचा मान. मला त्याचा संताप आला होता.

घरी आल्यावर त्याने खोकी तळघरात, सिल्वीच्या जाळीच्या कोठीत रचली. तो घाम पुसतोय तोवर तिने कुलूप घातलं आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली.

"आई, चेष्टा पुरे. किल्ली दे."

"बियर माझी आहे. सरकारी माणसासमोर सांगितलंय मी."

"हिल्का, तू तरी सांग हिला! डोकं फिरलंय हिचं."

"मी कशाला मधे पडू?" मी म्हणाले. आमच्याकडे कुणी कुणाच्या घरात नाक खुपसत नाही. ती सवय त्या दिवशी बरी पडली.

तो ओरडला. जाळीला लाथा घातल्या. मग जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. सिल्वी जागची हलली नाही.

"मिळेल," ती म्हणाली. "सकाळी, दुपारी, रात्री. पण माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर. पिऊन बाहेर जायचं नाही. तुझ्या बापाला मी दारूच्या दुकानामागच्या बर्फातून उकरून काढलंय, गोठलेला. तुला नाही काढणार."

मला वाटलं होतं, ती सगळी मोरीत ओतेल. मी असते तर ओतली असती. पण दारू सोडवणं तिला नवऱ्याच्या बाबतीत जमलं नव्हतं, मुलाच्याही नाही. ती आशा तिने सोडूनच दिली होती.

ओस्मो तिच्याकडे राहायला आला. मी कॉफीला गेले की तो खिडकीपाशी बसलेला दिसे, पुढ्यात बियरचा कॅन, आणि सिल्वी समोर मोजे विणत.

"जेलर आहे ही, हिल्का. पक्की जेलर."

"पी मुकाट्याने," ती म्हणायची.

कधी रेडिओवर हॉकीचा सामना लागला की दोघं मिळून पंचाला शिव्या घालत. त्याचे डोळे दिवसेंदिवस पिवळे होत चालले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते.

फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत एका सकाळी तिने माझं दार वाजवलं.

"ओस्मो गेला गं."

मी तशीच धावले. तो सोफ्यावर होता, लोकरीच्या पांघरुणात, डोक्याखाली तिची उशी. बाहेर पोर्चच्या पायऱ्याही बर्फाखाली गेल्या होत्या.

सिल्वीने त्याचा हात पांघरुणाबाहेर काढला आणि माझ्या हातात दिला.

"बघ," ती म्हणाली, "अजून गरम आहे."