खोबरेल प्यालेला एअर फिल्टर

मी एक जुना एअर फिल्टर आहे. मित्रांनो, गाडीच्या इंजिनालाही श्वास घ्यावा लागतो आणि त्या श्वासातली धूळ अडवणं हे माझं काम. माझे भाऊबंद कागदाचे असतात, मळले की कचऱ्यात जातात. मी सुती कापडाचा. मळलो की धुवायचं, सावलीत वाळवायचं, माझ्यासाठीच बनवलेलं तेल बेताने लावायचं आणि पुन्हा बसवायचं. एवढं केलं तर मी गाडीइतका जगतो.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. आठवण सुरू होते ती उल्हासनगर कॅम्प चारमधल्या मधुशेठच्या दुकानातल्या फळीवरून. आठ महिने मी तिथे पडून होतो. लोक मला हातात घ्यायचे, किंमत ऐकायचे आणि कागदी फिल्टर घेऊन जायचे. मग एक दिवस विष्णुपंत आले. अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात एकतीस वर्षं दुसऱ्यांचा माल नापास करून ते निवृत्त झाले होते. त्यांनी मला उजेडाकडे धरलं, माझी एकेक घडी बोटाने चाचपली.

"साहेब, आँख बंद करके घ्या," मधुशेठ म्हणाले. "पॉवर वाढेल, अॅव्हरेज वाढेल."

"पॉवर घेऊन काय करू? बदलापूरच्या कुळगावातून सोनिवलीला जायचं नि यायचं. तिथे टॉवर बांधतायत, नुसता धुरळा. कागदी फिल्टर दोन महिन्यांत तुंबतो. हा टिकेल का, ते सांगा."

"टाइम पे धुतला तर टिकेल."

खरं एवढंच होतं. पॉवर मी आजवर कोणाची वाढवलेली नाही. विष्णुपंतांनी दुकानासमोरच गाडीचं बॉनेट उघडलं, माझी रबरी कडा डब्यात घट्ट बसते का ते पाहिलं आणि मगच पैसे दिले. अशी पारख करून घेतल्याचा मला तेव्हा अभिमान वाटला.

सोनिवलीच्या फेऱ्यांचं कारण गोदूबाई. विष्णुपंतांच्या पत्नी कुमुदिनीबाई यांची ती बालमैत्रीण. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचा उजवा हात उठत नव्हता. गुडघ्यापर्यंत केस हा तिचा आयुष्यभराचा तोरा, पण आता वेणी घालणार कोण? म्हणून आठवड्यातून तीन सकाळी कुमुदिनीबाई खोबरेलाची बाटली घेऊन जायच्या, तिला ओटीवर उन्हात बसवायच्या आणि तेल लावून वेणी घालून द्यायच्या. त्या वाटेवरच्या खड्ड्यांतून रिक्षा यायला तयार नसत. त्यामुळे भिस्त सगळी या गाडीवर. मी काळ्या डब्यात बंद, पण तिच्या अंगणात गाडी उभी राहिली की दोघींचं हसणं मला ऐकू यायचं; बाकीचं गाडीतल्या गप्पांतून कळायचं.

दसऱ्याला विष्णुपंतांच्या घरी पाना-पकडीपासून गाडीपर्यंत सगळं धुऊन पुजतात. गेल्या दसऱ्याला मीही धुतला गेलो. वाळलो आणि मग लक्षात आलं की माझ्या तेलाची डबी रिकामी आहे. हार तयार होता, मुहूर्त टळत होता. विष्णुपंतांची नजर त्या खोबरेलाच्या बाटलीवर गेली. "तेल ते तेल," ते पुटपुटले आणि त्यांनी मला सढळ हाताने न्हाऊ घातलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ऑक्टोबरच्या उकाड्यात काही बिघडलं नाही. मग थंडी पडली. बदलापूरच्या थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजून पांढरं होतं, तसं ते माझ्या घड्यांतही थिजलं. सकाळी इंजिनाला हवा पुरेना. एकदा घराजवळच्या चढावरच गाडी बंद पडली आणि मागे सरकली. मागच्या डंपरने करकचून ब्रेक मारला, म्हणून थोडक्यात निभावलं.

विष्णुपंतांचा मुलगा शौनक दुपारी गाडी घेऊन हितेश मेकॅनिककडे गेला. तोवर ऊन चढलं होतं, माझ्यातलं तेल वितळलं होतं.

"गाडी एकदम मक्खन आहे," हितेश म्हणाला. "फिल्टरलापण तेल बराबर लावलंय. पप्पांना सांग, क्लचवर पाय ठेवून नको चालवू."

घरी येऊन शौनकने किल्ली खिशात टाकली. "बाबा, आता बास. तुमचा पाय पूर्वीसारखा राहिला नाही."

"मग गोदूचं काय?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"रविवारी मी नेतो ना."

दोन रविवार कामात गेले. कुमुदिनीबाई मात्र रोज सकाळी तेलाची बाटली तयार ठेवत. एके दिवशी त्यांनी ती वितळायला कोवळ्या उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली. विष्णुपंतांनी पेपरमधून मान वर केली, बाटलीतला पांढरा गोळा पाहिला आणि ते उठले. त्यांनी बॉनेट उघडून मला बाहेर काढलं. माझ्या घड्यांत मेण भरावं तसं तेल भरलं होतं. त्यांनी नखाने थोडं खरवडून हुंगलं. मग त्यांनी मला परत बसवलं आणि झाकण लावलं.

चार दिवस त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. त्यांचा राग मला आला नाही, पण वाईट वाटलं. पाचव्या दिवशी चहा पिताना ते शौनकला म्हणाले, "पाय ठीक आहे माझा. फिल्टरला खोबरेल लावलं होतं. मीच."

शौनकने कपाळाला हात लावला आणि किल्ली टेबलावर ठेवली. माझ्या तेलाची नवी डबी घ्यायला गेल्यावर मधुशेठ पोट धरून हसले, "साहेब, वो तो बालों का तेल है!" मला साबणाने दोनदा धुतलं, रात्रभर वाळवलं, योग्य तेल लावलं. दुसऱ्या दिवशी गाडी भल्या सकाळी एका दमात चढ चढली.

सोनिवलीला गोदूबाई ओटीवर बसली होती, डोक्यावर पदर घट्ट ओढून. कुमुदिनीबाई जवळ जाताच तिने तो हळूच मागे सारला. ते लांब केस नव्हते. मानेच्या वर, पोरांसारखे कापलेले.

"मावशी, गुंता सुटेचना," तिची सून नेत्रा रडवेली झाली. "दोनदा फणी घेऊन बसले. आईंना दुखायचं. शेवटी तीन दिवसांपूर्वी..."

विष्णुपंतांना चूक कळून त्या दिवशी पाच दिवस झाले होते.

"गोदूबाई, उशीर माझ्यामुळे झाला," ते गाडीजवळूनच म्हणाले.

"जाऊ द्या ओ. डोकं हलकं झालं माजं," ती म्हणाली. "कुमे, तेल आनलंस ना गो?"

कुमुदिनीबाई तिच्या मागे बसल्या आणि त्या आखूड केसांना तेल चोळत राहिल्या. त्या दिवशी मला हसणं ऐकू आलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा फिल्टर घ्याल तर पारखून घ्या, वेळेवर धुवा आणि ज्याचं तेल त्यालाच लावा. आणि कधी चुकलात, तर त्याच दिवशी सांगून टाका. मला धुऊन पुन्हा वापरता येतं, गेलेल्या दिवसांना नाही.

आम्ही अजून आठवड्यातून तीनदा सोनिवलीला जातो. गोदूबाईचे केस आता मानेखाली आलेत. वेणी अजून होत नाही.