बिननावाचे साचे

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आत्याचे पाय आपसूक डावीकडे वळले. उजवीकडे पूर्वी रंगाऱ्याची पिंपं असायची. तो काठीने कापड ढवळायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या अंगावर निळे-तांबडे शिंतोडे उडायचे. आता तिथे पिंप नव्हतं. काचेमागे अत्तराच्या बाटल्या एकमेकींपासून हातभर अंतर राखून उभ्या होत्या.

"तिकडून कशाला? सावली इकडे आहे," वहिनी म्हणाली.

"सवय."

आत्या तशीच डावीकडून चालत राहिली. ती या गल्लीतल्या जोडेवाल्याची धाकटी लेक. भाच्यांनी लहानपणी मारलेली हाक तिला चिकटली आणि ती साऱ्या गोतावळ्याची आत्या झाली. वहिनी म्हणजे तिच्या दादाची बायको. बाबांच्या मागे दादाने दुकान चालवलं, दादाच्या मागे चालवणारं कुणी उरलं नाही, मग वहिनीने ते विकून टाकलं. विकल्याचा आत्याला राग नव्हता. रिकाम्या दुकानाला कुणी किती दिवस कुलूप घालून बसणार? तिला सलत होतं ते वेगळंच. दुकानाबरोबर साचेही गेले होते.

साचा म्हणजे माणसाच्या मापाचा लाकडी पाय. त्याच्यावर चामडं ताणून जोडा शिवायचा. गिऱ्हाइकांचे साचे फळीवर रांगेने असत, तसेच घरच्यांचेही. बाबांचाही होता. बाबांचा फोटो एकच, आणि तोही कमरेपर्यंतचा. दिवसभर दुसऱ्यांच्या पायांशी बसलेल्या माणसाचे स्वतःचे पाय कुठेच उरले नव्हते, त्या एका साच्यात सोडले तर. तो साचा वहिनीने परक्याच्या हवाली केला, म्हणून आत्याने गल्लीचं नाव टाकलं होतं. वहिनीशी बोलणं होतं, पण ते वाढप्याशी असतं तेवढंच.

मग परवा वहिनी स्वतः दारात येऊन उभी राहिली. "वन्सं, आपल्या दुकानात आता कॅफे आहे. नात सांगत होती, तिथे छताला लाकडी पाय टांगलेत म्हणे. चला, बाबांचा असला तर मागून आणू."

म्हणून आज दोघी आल्या होत्या. बाबांचा साचा घेतल्याशिवाय परतायचं नाही, हे आत्याने मनाशी पक्कं केलं होतं.

दुपार कलली होती. गल्ली अरुंद होती तशीच होती, पण नटली होती. एका दुकानात नुसती झाडं विकायला होती आणि प्रत्येक कुंडीवर झाडाचं पाळण्यातलं असावं असं लाडाचं नाव. पुढे कपड्यांचं दुकान. काचेतल्या बाहुलीच्या विजारीला दोन्ही गुडघ्यांवर भगदाडं.

"फाटलेली विकतात?" वहिनीने विचारलं.

"मुद्दाम फाडतात."

"मग माझं कपाट उघडून बसते की इथे. फाडायचीसुद्धा गरज नाही."

आत्याला हसू आलं होतं, पण तिने ते ओठांतच दाबलं.

घड्याळजीच्या जागी बार होता. खुर्च्या अजून टेबलांवर पालथ्या होत्या आणि एक धिप्पाड माणूस ग्लास उजेडात धरून पुसत होता, अगदी घड्याळजी भिंग लावून पाही तसा एक डोळा मिटून. आत्या जरा रेंगाळली. गुंड्या विकणाऱ्या मावशींच्या दुकानात आता बिस्किटं मिळत होती. या मावशी गुंडी देताना आधी तुमचा सदरा बघत, मग तोंड. ज्याच्या तोंडाला जी गुंडी शोभेल ती हातावर ठेवत, आणि कुणी वाद घातला तर दुकान बंद करायची वेळ झाली म्हणत, मग भर सकाळ का असेना.

"तुम्हाला आठवतं, मावशींनी ह्यांना हाडाच्या गुंड्या दिल्या होत्या?" वहिनी म्हणाली. "लग्नाच्या कोटाला. ह्यांना पितळी हव्या होत्या."

"दादा रुसला होता."

"रुसला काय, मांडवात सगळा वेळ गुंडी हाताने झाकून उभे होते! मला वाटलं, पोटात दुखतंय."

या खेपेला आत्या हसली. दादाचा तो हात तिला दिसला, मेणाने काळी पडलेली नखं घासघासून लाल केलेला. गल्ली आठवायची म्हणजे तिला आधी वास आठवत. भिजल्या चामड्याचा, खळीचा, कोळशावर तापल्या इस्त्रीचा. आणि ती स्वतः, मागच्या खोलीत दाराशी बसून दोऱ्याला मेण लावणारी. वहिनीला त्या खोलीत कधी कुणी बोलावलं नाही. नवी नवरी, हात खराब होतील म्हणाले, मग तशीच रीत पडली. आत्या मात्र तिथेच वाढली. मेण लावताना ती गुणगुणायची.

दोऱ्याला ग लावू मेण, दोरा धावतो नितळ
जोडा जाईल ज्याच्या पायी, वाट होवो त्याला शीतळ

बाबा आरी थांबवून म्हणायचे, "आवाज बरा आहे, पण दोरा मोकळा धर. चामड्याला गाणं कळत नाही."

दुकान आलं. पायऱ्या त्याच होत्या, मधोमध झिजलेल्या. आत शिरल्या शिरल्या आत्याची मान वर गेली आणि तिथेच अडकली.

छतभर पाय लटकत होते. जोडीजोडीने दोरीला बांधलेले, टाचा वर, चवडे खाली, आणि मधून मधून पिवळे दिवे. खाली टेबलाटेबलांवर तरणी मंडळी लॅपटॉप उघडून बसली होती. एका मुलीच्या केसांना कुणाचा तरी अंगठा लागत होता आणि तिचं लक्षही नव्हतं.

"एवढेसेच उरले?" आत्या पुटपुटली. "बाबांच्या वेळी भिंत दिसत नव्हती."

वहिनी खुर्ची ओढून बसली. मग टेबलाकडे बघत म्हणाली, "नाव लिहिलेले होते ते मी पोचवले, वन्सं. ज्याचे त्याच्या घरी. पिशवीत भरून दारोदार हिंडले. एका वकिलीणबाईंनी तर दार उघडून पिशवीत पाय बघितले आणि किंचाळल्याच. कुणी रडले, कुणी चहा दिला, कुणी म्हणाले आता याचं काय करू. पण म्हटलं, माणसाचा पाय आहे, टाकवत नाही. ज्यांच्यावर नावच नव्हतं त्यांना कुठे पोचवणार? ते दिले दुकानाबरोबर."

आत्याने छताकडे बोट केलं.

"वहिनी, अगं, घरच्यांच्या साच्यावर नाव कोण लिहील? आपला पाय आपल्याला ठाऊक. बाबांनी बिननावाचे ठेवले ते आपलेच होते सगळे."

वहिनीच्या हातातला कागदी रुमाल हळूहळू चुरगळत गेला. "मला काय माहीत," ती म्हणाली. "मला त्या खोलीत कुणी येऊ दिलं?"

इतकी वर्षं आत्याने ज्याला बेपर्वाई म्हटलं होतं, ते पिशवी घेऊन दारोदार फिरलं होतं. आणि घरच्या माणसांना तेवढं बेवारशांत सोडून आलं होतं, कारण घरच्यांनीच वहिनीला कधी काही सांगितलं नव्हतं.

डोक्याला रुमाल बांधलेली मालकीण कॉफी घेऊन आली. पोरगेलीच होती, पण बोलणं ठसक्यात. आत्याने विषय काढला तशी ती हसली.

"आजी, रोज कुणीतरी मागतं. फोटो काढतात, मग विकत द्या म्हणतात. मी कुणाला देत नाही. पण तुमचंच दुकान होतं म्हणता, तर एक जोड घेऊन जा. एकच हं. दुसरी मागायची नाही, नाहीतर माझं छत उघडं पडेल."

"एकच हवी," आत्या म्हणाली.

ती टेबलांमधून मान वर करून फिरू लागली. पोरापोरींनी आपापल्या खुर्च्या सरकवल्या. दादाचे साचे पहिले सापडले, लांबोडके, बोटांकडे निमुळते. तिने नुसता हात लावला आणि पुढे गेली. मग पैशांच्या गल्ल्याच्या वर, दिव्याच्या मागे, रुंद चवड्यांची एक काळपट जोड दिसली. डाव्या अंगठ्याशी चामड्याचा तुकडा चिकटवलेला. बाबांचं तिथलं हाड वर आलं होतं. थंडीत ते ठणकलं की बाबा सगळ्या जगावर चिडायचे आणि फक्त गिऱ्हाइकावर चिडायचे नाहीत.

मालकीणबाईने स्टुलावर चढून जोड सोडवली. आत्याने ती छातीशी धरली. चामड्याच्या उंचवट्यावर तिचा अंगठा फिरत राहिला. जड होते पाय. जिवंत माणसाचे असावेत तसे जड.

"मिळाले?" वहिनी दुरूनच म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडलेला आवाजात कळत होता. "बरं झालं बाई. आता बसा, कॉफी घ्या."

आत्या वळली, आणि खिडकीपाशी टांगलेल्या जोडीवर तिची नजर गेली. लाकूड उजळ होतं, नवं. बायकी पाऊल, आखूड, आणि दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. कानशीचे फटकारे तिरपे. बाबा सरळ घासायचे, तिरपं घासायचा तो दादा. तिने जोड उलटी करून तळ बघितला. तळ गुळगुळीत होता. चामडं ताणून साच्यावर खिळे मारतात, म्हणून वापरातल्या साच्याचा तळ भोकाभोकांचा असतो. याच्यावर एकही खिळा बसला नव्हता. हा साचा कोरला, तासला, घोटला, आणि याच्यावर जोडा कधी झालाच नाही.

ती टेबलाशी आली. "वहिनी, दादाने कधी तुझ्या पायाचं माप घेतलं होतं?"

"माझं? कुठलं माप? मी आपली बाजारातल्या चपलांवर." वहिनीने चमचा फिरवला. मग थांबली. "हं, एकदा थट्टा केली होती. संध्याकाळी म्हणाले, ह्या कागदावर उभी राहा. मी राहिले. पेन्सिल फिरवली भोवतीने. मला इतक्या गुदगुल्या झाल्या की मी त्यांच्या डोक्याला धरूनच उभी होते. विचारलं, हे काय? म्हणाले, गंमत. पुढे लगेच तर अंथरूण धरलं त्यांनी. का हो?"

"सहज."

वहिनीने कॉफीचा घोट घेतला आणि तोंड कडू केलं. "एवढी कडू पितात ही पोरं?"

आत्या उभीच होती. हातात बाबा होते. इतक्या वर्षांनी आले होते. नाही सांगितलं तर वहिनीला कधी कळणारही नव्हतं. तिला काही हरवल्याचंच ठाऊक नव्हतं. मालकीण दोरी आणि कागदी पिशवी घेऊन जवळ आली. "बांधू का आजी?"

आत्याने बाबांचे पाय एकदा उलटे करून बघितले. तळाला भोकंच भोकं, चाळणीसारखी. किती जोडे झाले होते यांच्यावर, आणि झिजवून, सांधून, पुन्हा झिजवून घातले होते बाबांनी.

"हे वर लाव परत," ती म्हणाली. "खिडकीपाशी आहेत ते दे."

"वन्सं! अहो, बाबांचे सोडून ते कुणाचे घेताय?"

"चप्पल काढ."

"इथे? लोकांसमोर?"

"काढ ग. तुझ्या पायाकडे कोण बघतंय? ते सगळे त्या पडद्यांत बुडलेत."

वहिनीने संकोचत एका पायातली चप्पल काढली, तोवर मालकिणीने खिडकीपाशची जोड सोडवून आत्याच्या हातात दिली. आत्या खाली बसली, गुडघा टेकून, बाबा गिऱ्हाइकासमोर बसायचे तशी. तिने वहिनीच्या पावलाच्या बाजूला साचा जमिनीवर ठेवला. लांब बोटाशी लांब बोट. टाचेशी टाच. पाऊल आता थोडं पसरलं होतं, वयाने आणि बाजारच्या चपलांनी. पण ते तेच होतं.

वहिनीने खाली बघितलं. आधी पायाकडे, मग साच्याकडे.

"हे ह्यांनी?"

"कानस तिरपी आहे. दादाचीच. जोडा शिवायचं राहिलं."

वहिनीने वाकून साचा उचलला. मांडीवर घेतला, पदराने नव्हे, नुसत्या तळहाताने पुसला. "आणि मला म्हणाले, गंमत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिथेच तुटला. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने न विचारता आपले कागदी रुमाल तिच्याकडे सरकवले.

आत्या टेबलाला धरून उठली. मालकीणबाई स्टुलावर चढून बाबांना पुन्हा गल्ल्यावर टांगत होती.

"पण वन्सं, बाबांचे?" वहिनी नाक पुसत म्हणाली. "त्यांच्यासाठी तर आलो आपण."

"बाबा असेही दिवसभर इथेच बसायचे. बसू देत." मग ती स्टुलाकडे वळून म्हणाली, "पोरी, जरा वर बांध. डावं हाड दुखतं त्यांचं, कुणाचं डोकं आपटलं तर चिडतील."

मालकिणीने दोरी सैल सोडली होती, ती आखूड केली. आणि मग वर हात नेऊन तिने बाबांचा चवडा रस्त्याकडे वळवला.

वहिनी अजून एका पायात चप्पल घालून बसली होती. आत्याने तिच्यासमोरची कॉफी आपल्याकडे ओढली, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर माग वहिनी," ती म्हणाली. "आता बसायचंय आपल्याला."