घाम एकालाच

"राजा असा उडत न्हाई म्हनतोय ह्यो," भागवतने मोबाईल नाकाशी धरून सांगितले.

कृपादान टेलरने पटावरून मान वर केली. काष्टी गावच्या बुद्धिबळात राजाला, शह बसायच्या आधी, डावात एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा होती. त्याच्या वडिलांपासून हे चालत आलेले. आणि आज ऐन बाजाराच्या दिवशी, त्याच्याच दुकानाच्या ओट्यावर, त्यानेच अस्तराच्या चिंध्या जोडून शिवलेल्या पटावर हे वीतभर यंत्र त्याला कायदा शिकवत होते!

"त्याला म्हनावं, राजा आमचा हाय," तो गुरगुरला. भोवतीची माणसे हसली.

शेजारी वांगी मांडून बसलेली साळूबाई म्हणाली, "टेलरभाऊ, ही कसली वं कुस्ती? घाम निस्ता तुमालाच आलाय. त्या गड्याला जिकलो का हरलो ह्ये बी ठावं न्हाई."

हेच तर कृपादान गावभर सांगत होता. ज्याला हरण्याची लाज नाही, त्याच्याशी खेळणे म्हणजे भिंतीशी भांडणे. तरी तो बसला होता, आणि त्याला कारण भागवत. डेअरीला दूध घातले की रोज संध्याकाळी ओट्यावर यायचे आणि हरून घरी जायचे, हा भागवतचा वर्षानुवर्षांचा नेम. दिवाळीपासून तो मोबाईलशी खेळू लागला आणि यायचाच बंद झाला. कृपादानच्या संध्याकाळी ओस पडल्या. शेवटी त्यानेच पैज लावली, "तुझ्या मोबाईलला पानी पाजलं तर पयल्यासारखं रोज यायचं." मोबाईलच्या चाली पटावर करायला भागवतच बसला होता.

"ऱ्हाऊ दे," कृपादानने राजा मागे घेतला. "पाहुना हाय. त्याच्या रीतीनं खेळू."

तिथेच त्याचा डाव ढासळला. थोड्याच वेळात भागवतने मोबाईलकडे बघत काळा वजीर उचलला आणि पांढऱ्या राजासमोर ठेवला. मात.

कृपादान वाट बघत राहिला. मात झाली की जिंकणाऱ्याने तोंड सोडायचे, हा त्या ओट्याचा रिवाज, आणि आजवर तोंड त्याचेच सुटत आले होते. मोबाईलवर फटाके उडाले आणि पाठोपाठ कसल्याशा तेलाची जाहिरात लागली.

"आरं, बोल की कायतरी!" तो भागवतवर ओरडला. "पाडलंय मला!"

"ह्यो बोलत न्हाई," भागवत हळूच म्हणाला. "म्हनून तर ह्याच्यासंगं बरं वाटायचं. हरल्याचं मला कदी काय वाटलं न्हाई, टेलर. पर तू लई लागंल असं बोलायचास. पोरांम्होरं, सुनंम्होरं."

कृपादानला वाईट वाटले, फार वाईट वाटले. इतकी वर्षे आपण गंमत करतो आहोत, असे तो समजत होता. रविवारी चर्चमध्ये तो सगळ्यांबरोबर मोठ्याने क्षमा मागत असे, पण समोर बसलेल्या माणसाकडे ती कशी मागायची हे काही त्याला सुचेना. त्याने सोंगट्या गोळा केल्या आणि पांढऱ्या, ज्या तो कधीच कुणाला देत नसे, भागवतपुढे मांडल्या.

"पैज तू हरलायस," भागवत म्हणाला.

"व्हय. म्हनून ये म्हनत न्हाई. आलायस तर बस."

भागवतने मोबाईल खिशात टाकला आणि प्यादे सरकवले. आठ-दहा चालींतच त्याने आपला वजीर थेट काळ्या उंटाच्या तोंडी नेऊन ठेवला. बघ्यांमधून हसू फुटले. कृपादानच्या जिभेवर चांगले तीन-चार टोमणे जमले, कान लाल झाले.

"बोल आता," भागवत म्हणाला. "न्हाईतर फुटशील."

कृपादानने मान हलवली. दोन बोटांनी तो वजीर उचलला आणि पुन्हा त्याच्या आधीच्या घरात ठेवला.

"दमानं बघ," तो म्हणाला. "मला घाई न्हाई."