कॉलेजला निघालेला टोपला

मी टोपला बोलतोय, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो: माझं कॉलेज बुडवलं ते गिरिधरकाकांनी. बांबू चांगला होता, वीण घट्ट होती, दिवस दिवाळीचे होते. सगळं जमलेलं होतं. काका मध्ये आले.

जन्म माझा खापा गावचा. शालिकराम बांबू चिरायचा, त्याची बायको जिजाबाई विणायची. दोघं दिवसभर भांडायची, पण विणीत एक काडी हलू द्यायची नाहीत. माझ्या बरोबरचे सगळे टोपले कांद्या-बटाट्यासाठी गेले. मला मात्र जिजाबाईनं धरायला दोन कान लावले आणि काठावरून लाल रंग फिरवला.

"याले काहून सजवून राहिली वं?" शालिकराम म्हणाला. "लग्नात पाठवतं का?"

"याचं तोंड चांगलं आहे," ती म्हणाली. "जाईल कुठंतरी बऱ्या ठिकाणी."

जरीपटक्याच्या बाजारात मला सुमंतनं उचललं. सुमंत म्हणजे महाल नावाच्या वस्तीतल्या गिरिधरकाकांचा मोठा मुलगा. इंजिनीअरिंग अर्ध्यात सोडलेला. आता स्कूटरवरून लोकांची पार्सलं घरोघरी पोचवतो. लोकांच्या दिवाळ्या दारात नेऊन देतो आणि स्वतःच्या घरात मान खाली घालून जेवतो. त्यानं मला दोन पायांच्या मध्ये उभं केलं आणि स्कूटरला किक मारली. सिग्नलवर थांबला तेव्हा माझ्या काठावर बोटानं ताल धरून होता. मला तेव्हाच कळलं, आपण कांद्यासाठी नाही.

धाकटी नूपुर पुण्याला कॉलेजात, पहिल्याच वर्षाला. दिवाळीला लागूनच परीक्षा, त्यामुळे ती घरी येणार नव्हती. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला घरून हॅम्पर आलं होतं, त्याचा फोटो तिनं भावाला पाठवला: 'दादा, मलेपण असं पाहिजे.'

सुमंतनं तो फोटो आईला दाखवला तेव्हा मीही पाहिला. वेताची बास्केट. पारदर्शक कागद, सोनेरी फीत, आत चॉकलेटं ऐटीत बसलेली. माझ्या अंगाची नुसती आग झाली. वेत म्हणजे काय, बांबूचा श्रीमंत नातेवाईक! करतो काय? वाकतो. वाकण्यात काय मोठेपणा? पण त्या फोटोवरून माझी नजर हटेना. ती बास्केट कॉलेजात होती, पोरींच्या पलंगावर होती. मी महालातल्या फरशीवर.

पण माझीही वेळ आली. अरुंधतीकाकूंनी, म्हणजे सुमंतच्या आईनं, जुन्या साडीचा मऊ तुकडा माझ्या पोटात अंथरला. त्यावर चिवडा, शंकरपाळे, अनारसे, संत्रा बर्फी. सुमंतनं मॅगीची पाकिटं खोचली, कॉफीच्या पुड्या, जाड मोजे, उटणं, ओवाळायला एक पणती. काकांनी वर्तमानपत्रातली करिअर मार्गदर्शनाची कात्रणं आणून ठेवली. ती त्यांनी आधी सुमंतसाठी जमवलेली. वाया कशाला घालवायची, म्हणाले.

शेजारच्या शामलाकाकू डोकावल्या. "काय वं अरुंधती, पोरीचा रुखवत चालला का?"

सगळे हसले. मी फुगलो.

सगळ्यांत तळाशी, साडीच्या तुकड्याखाली, सुमंतनं स्वतःचा कॅल्क्युलेटर ठेवला होता. झाकणाच्या आत टोकदार कशानं तरी त्याचं नाव कोरलेला. नूपुरनंच मागितला होता. तिच्या कॅल्क्युलेटरचं एक बटण अडकत होतं आणि परीक्षेत गणिताचाच पेपर पहिला. "भाऊबीजेची ओवाळणी म्हणून पाठवतो," तो आईला हळूच म्हणाला. "दुसरं काय आहे माझ्याजवळ?" आणि तो कॅल्क्युलेटर त्यानं शर्टाला पुसला. मला नाही कधी असं पुसलं. खोटं कशाला बोलू, त्या कॅल्क्युलेटरचाही मला राग आला.

वरून नारिंगी फीत बांधून सुमंत कामावर गेला. जाता जाता म्हणाला, "बाबा, तुम्ही ट्रॅव्हल्सच्या ऑफिसकडेच चालले नं? तेवढा टोपला देऊन द्या."

काकांची एक गंमत सांगतो. फोनवर बाहेरच्यांशी बोलताना ते 'मला-तुला' करतात. चिडले की 'मले-तुले'. तर, सुमंतचा जिना उतरण्याचा आवाज थांबला आणि काका म्हणाले, "मले हे नाही पटत."

"काय नाही पटत?" काकूंनी विचारलं.

"टोपला! हॉस्टेलच्या पोरींसमोर टोपला नेऊन ठेवायचा? भाजी विकायले बसली का ती तिथं?"

"अहो, त्यानं हौसेनं आणला…"

"हौस! कॉलेज सोडलं तेव्हा कुठं होती याची हौस?"

स्टूलवर चढून त्यांनी माळ्यावरून खोका काढला. मिक्सरचा. मिक्सर केव्हाच जळून भंगारात गेला होता, खोका मात्र वॉरंटीसाठी जपलेला. या पिढीचं मला हेच कळत नाही. वस्तू मेली तरी खोका सांभाळतील. खोक्यावर मिक्सरचं चित्र आहे, हाच त्याचा काय तो पराक्रम. माझ्या पोटातून एकेक पुडा निघाला आणि त्याच्या पोटात गेला. तो कागदाचा ठोकळा गप्प राहून सगळं गिळत होता.

तळाशी काकांचा हात थांबला. "हा त्याचाच ना? ज्याच्यावर नापास झाला तो?"

"नूपुरनं मागितला आहे," काकू म्हणाल्या.

"नापास झालेल्याची वस्तू परीक्षेला देत नसतात, शकुन बिघडतो. तिलेही त्याच्यासारखं घरी बसवायचं आहे का?"

काकू यावर बोलू शकल्या असत्या. त्यांनी बाजूला पडलेली नारिंगी फीत उचलली, नीट गुंडाळली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. गप्प बसण्याला त्या घरात समजूतदारपणा म्हणतात.

कॅल्क्युलेटर माझ्यात टाकून काकांनी मला माळ्यावर ढकललं. खोका उतरला, मी चढलो. संध्याकाळी सुमंतनं खालून विचारलेलं मी ऐकलं, "पाठवलं का बाबा?" "पाठवलं," काका म्हणाले. काय पाठवलं ते नाही सांगितलं. आणि हीच माणसं पोरांना खरं बोलायला शिकवतात.

भाऊबीजेला नूपुरचा व्हिडिओ कॉल आला. तिनं पार्सलातलीच पणती लावून मोबाईलसमोर ओवाळलं. खाली सगळे बसलेले, सुमंत टिळा लावून पाटावर.

"टाक नं दादा ओवाळणी! नुसते दात काढून राहिला."

"टोपल्याच्या तळाशी हात घाल. कपड्याखाली."

"कोणत्या टोपल्याच्या?"

"अगं, लाल काठाचा."

"दादा, मिक्सरचा खोका आला." नूपुरचा आवाज बारीक झाला. "सगळ्या हसून राहिल्या होत्या, म्हणे घरून मिक्सर आला का वं? कॅल्क्युलेटरही नव्हता. मी तुले बोलली नाही. म्हटलं, तूच भरला असशील, वाईट वाटेल."

खाली पाट सरकला. मग सुमंतचा आवाज. "बाबा, कॅल्क्युलेटर कुठं आहे?"

"नापास झालेल्याची वस्तू…" काकांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. सगळंच्या सगळं. फोन चालू आहे हे विसरून.

"बाबा," फोनमधून नूपुर म्हणाली, "बारावीचं गणित मले त्या नापासानंच शिकवलं."

काकांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मोठी माणसं चुकली की चष्मा पुसतात. माफी मागायला तोंड लागतं, चष्मा पुसायला नुसता रुमाल पुरतो.

सुमंत स्टूलवर चढला. त्यानं मला एकाच कानाला धरून असा ओढला की कान त्याच्या हातात आला आणि मी खाली आदळलो. मला काही वाटलं नाही. मला वाटलं, आता! आता हा मला घेऊन निघणार. फीत नको, फराळ नको, रिकामा ने, पण ने.

त्यानं माझ्यातून कॅल्क्युलेटर उचलला, शर्टाला पुसला आणि खिशात टाकला. तुटलेला कान माझ्यात ठेवला.

"कुठं चालला गा?" काकूंनी विचारलं.

"पुण्याले. पेपरच्या आधी नेऊन देतो."

"येशील केव्हा?"

"बघू."

म्हणजे खोका कॉलेजला गेला. पणती गेली, मोजे गेले, काकांची कात्रणंसुद्धा गेली. नापास म्हणून माळ्यावर टाकलेला कॅल्क्युलेटर खिशात बसून गेला. राहिलो मी.

नूपुर गणितात पास झाली. काकांनी पेढे वाटले आणि शकुनाचा विषय काढला नाही. सुमंत तिकडेच पार्सलं पोचवतो. फोन आईला करतो. काकूंनी फोन काकांच्या हातात दिला की पलीकडून कट होतो. मिक्सरच्या खोक्यात नूपुर आता पुस्तकं ठेवते म्हणे. पुस्तकं! हे ऐकलं त्या दिवशी मी रात्रभर कुरकुरलो. काकूंना वाटलं उंदीर आहे.

सध्या मी गॅलरीत असतो, कांद्यांखाली. काका कांदा घ्यायला येतात, सवयीनं तुटलेल्या कानाकडे हात नेतात आणि तिथं काही नाही म्हणून तसेच थांबतात. पुष्कळ वेळ थांबतात. मला त्यांची दया येत नाही. तुमच्या घरात कुणी हौसेनं काही भरून ठेवलं असेल, तर ते जसं आहे तसं जाऊ द्या. तळाशी हात घालू नका. एवढंच मागणं आहे.

काकांनी शकुन सांभाळला. त्यात माझा डावा कान गेला, कॉलेज गेलं आणि सुमंत घरी आला नाही.