बाहेरच्या खोलीतली उशी

"गोळी रोज घेताय ना, मावशी?"

"घेते की."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "मग साखर एवढी कशी वाढली?"

एरवी माझं तोंड कसं चालतं ते या इस्पितळात कुणालाही विचारा! सव्वीस वर्षं इथल्या लाँड्रीत चादरी धुतेय. चादर बघून सांगते, कुठल्या वॉर्डातली आणि कुणी काय लपवलंय. स्वतःचं मात्र सांगता येईना.

साखरेची ती नवी गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात खाली खाज सुटली. अशी तशी नाही, जीव नकोसा करणारी. मशीनपुढे मांड्या आवळून उभं राहायचं आणि पोरींशी हसून बोलायचं. पांढरंही जायला लागलं. बाई गं, या वयात हे काय भलतंच! सांगणार कुणाला? लोक आधी नवऱ्याकडे बघणार, मग माझ्याकडे.

मग मी लाँड्रीतली अक्कल चालवली. डाग हटला नाही की आम्ही काय करतो? जंतुनाशक ओततो. चादरींचं तेच औषध बाटलीत भरून घरी आणलं आणि त्यानं अंग धुवायला लागले. आगडोंब उसळायचा. म्हटलं, जंतू मरताहेत! सालटं निघाली तरी शहाणपण आलं नाही. पुढे गोळीचाच संशय आला. हे रोज सकाळी गोळी आणि पाण्याचा पेला हातात आणून देतात. ती मी गालात धरून मोरीत थुंकायला लागले.

आणि यांना माझं काही लागू नये म्हणून एक दिवस ताडकन सांगून टाकलं, "आजपासून तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपा." बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. यांनी मुकाट्यानं उशी काखेत मारली आणि गेले. का म्हणून विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं. त्याला दोन महिने झाले.

डॉक्टरीणबाईंनी उठून दार लावलं. मग मी सगळं ओकले. जंतुनाशकाचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो मावशी, ही गोळी अंगातली साखर लघवीतून बाहेर काढते. तिथं साखर आली की बुरशी धरते. पुष्कळ बायकांना होतं, पुरुषांनाही होतं. मी गोळी देतानाच सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"म्हणजे मी घाण नाही?"

हे तोंडून कसं निघालं देव जाणे. निघालं आणि डोळ्यांना धारच लागली. त्यांनी माझा हात धरून ठेवला, मग तपासलं, मलम लिहून दिलं. "नुसत्या पाण्यानं धुवायचं. गोळीचं काय करायचं ते मी ठरवते, परस्पर बंद करायची नाही. आणि शेजारी झोपून कुणाला काही लागत नाही."

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. हे बाहेरच्या खोलीत खुर्चीतच झोपलेले, पाठीशी उशी, हनुवटीखालून डोक्यावर रुमाल बांधलेला.

"हे काय सोंग?"

हे दचकून उठले आणि घाईघाईनं रुमाल सोडायला लागले. "जबडा बांधला की घोरणं कमी होतं म्हणे. बसून झोपलं की आणखीनच. दोन महिने जमवतोय. तू एकदा ऐकून बघ ना."

"अहो, घोरण्याचं कोण बोललं तुम्हाला?"

"मग दुसरं काय असणार?"

मी यांच्यासमोर बसले. काही हातचं न राखता सांगितलं, थुंकलेल्या गोळ्यांसकट. हे रुमालाची घडी घालत ऐकत होते.

"एवढं सोसलंस आणि मला बोलली नाहीस?"

"लाज वाटली."

"माझी?"

मी उशी उचलली, आत नेली आणि तिच्या जागेवर ठेवली. हे दारात येऊन उभे राहिले.

"रुमाल बांधू का?"

"नको. घोरा खुशाल."

हे हळूच माझ्या शेजारी आडवे झाले. खुर्चीत झोपून झोपून मान आखडली होती, माझ्या बाजूला वळेना. मग हे अख्खेच माझ्याकडे वळले.