डाव्या बरगडीखाली

सोनोग्राफीचं यंत्र डाव्या बरगडीखाली येऊन थांबलं, तसा निकितानं श्वास रोखला. परवाची लाथ तिथेच बसली होती.

"इथे काय लागलंय?" डॉक्टर निशिगंधांनी विचारलं.

"बैलानं ढुशी मारली," पडद्याशी उभा असलेला तिचा नवरा कपिल म्हणाला.

निकितानं होकारार्थी मान हलवली.

सीटी स्कॅन झालं, रक्त तपासलं. मग डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी अन्नपाण्यातून हिच्या पोटात गेली होती. अशी पाण्याची गाठ बहुधा यकृतात होते. हिच्या प्लीहेत, डाव्या बरगडीखाली झाली होती, नारळाएवढी. आधी गोळ्या आणि लसी, मग ऑपरेशन करून प्लीहाच काढायची.

"तोवर सांभाळा. पोटाला मार लागून गाठ फुटली, तर जागीच जीव जाऊ शकतो."

दिग्रसच्या एसटीत कपिलनं तिला खिडकीजवळ बसवलं. घरी सासूनं सगळं ऐकून घेतलं.

"कुत्रं कुरवाळत बसे, भोग म्हणा आता." मग लेकाकडे वळून म्हणाली, "हात आवर रे. घरात मेली तं जेलात जाशीन."

त्यानं हात आवरला. एकदा भाजी खारट झाली म्हणून चुलीतलं लाकूड उचललं. निकितानं डाव्या कुशीवर हात ठेवला. लाकूड खाली गेलं.

"निघू दे तुही गाठ," तो म्हणाला. "मंग पाह्यतो तुले."

भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन झोपणारी निकिता त्या दिवसांत उताणी झोपू लागली.

यवतमाळला भरती झाली, तेव्हा कपिल चहाला गेलेला पाहून तिनं डॉक्टरांचा हात धरला.

"मॅडम, राहू द्या ना थे गाठ."

"वेडी आहेस का? दुखत नाही तुला?"

"गाठ नाही दुखत जी."

डॉक्टर हसल्या, तिच्या गालावर थोपटून पुढच्या खाटेकडे वळल्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. टाके भरून आल्यावर कपिल तिला तपासणीला घेऊन आला. पिशवी त्याच्याच खांद्यावर होती.

"मॅडम, आता मार लागला तं?" त्यानं अदबीनं विचारलं.

"आता फुटायला आहेच काय?" डॉक्टर खुशीत म्हणाल्या. "फक्त ताप आला, तर लगेच घेऊन या."

कपिलनं हात जोडले.

फाटकाबाहेर येताच त्यानं पिशवी निकिताच्या पायाशी टाकली आणि पुढे निघाला. ती वाकून उचलताना तिचा दुसरा हात सवयीनं डाव्या कुशीवर गेला.

कपिलनं वळून त्या हाताकडे पाहिलं.

"चाल," तो म्हणाला. "घरी चाल."