दगडावरचं नाव

ओडेसा टॉलिव्हर रोज सकाळी दोन कप कॉफी ओतायची. एक स्वतःसाठी आणि दुसरा सायलसचा, निळ्या काठाचा, कान उडालेला. सायलस तिचा एकुलता एक. काळ्या लोकांची मतदार म्हणून नावं नोंदवायला दारोदार हिंडायचा. गेल्या वर्षी कापसाची पेरणी चालली होती त्या सुमारास त्याला पोलिसांनी चौकीवर नेलं. मग कुणी म्हणालं सोडला, कुणी म्हणालं नदीत टाकला. मेल्यांनी आईला पुरायला मूठभर हाडंसुद्धा ठेवली नाहीत!

अलाबामातल्या त्या गावात काळ्यांची रीत होती. माणूस गेला की त्याचा शेवटचा वापरलेला कप, ताटली, जे असेल ते फोडून त्याच्या थडग्याच्या मातीवर ठेवायचं. नाही फोडलं तर जीव घरातच घुटमळतो. आणि एकदा ठेवलं की त्याला कुणी बोट लावायचं नाही.

शेजारणी म्हणायच्या, "फोड बाई आता. लेकराला जाऊ दे."

"फोडू कुठं? त्याची माती दाखवा मला," ओडेसा फटकन म्हणायची.

खरं कारण तिचं तिलाच ठाऊक. कप फोडला की सायलस मेला. तोवर तो परसातल्या झाडाखालून केव्हाही येऊ शकत होता. डुलकी लागली की तिला दिसायचाही. ओले बूट हातात धरून, कॉफी निवली का गं आई, असं विचारत यायचा.

जूनमधल्या एका शनिवारी सायलसबरोबर नावं नोंदवणाऱ्या पोरांनी चौकावर मोर्चा काढला. चौकात एक दगडी शिपाई होता, गुलामी टिकावी म्हणून लढलेल्यांचं स्मारक. त्याच्या पायऱ्यांवर काळ्या माणसानं टेकायचीही सोय नव्हती. पोरांच्या हातात लाल रंगाचे डबे होते.

"मावशी, तुम्ही घरी थांबा. लाठ्या चालतील," शेजारची वर्नेटा म्हणाली.

"चालू देत. माझी पाठ काय काचेची आहे?" म्हणत ओडेसानं रविवारची हॅट चढवली. कप पिशवीत का टाकला, कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

चौकात ऊन असं होतं की सगळं पाण्याखाली गेल्यासारखं हलत होतं. गाणी लांबून येत होती. गोरे ओरडत होते, पण तिला नुसती त्यांची तोंडं उघडताना दिसत होती. शिपायाची छाती हळूच वरखाली होतेय असंही तिला वाटलं. वर्नेटा गुडघ्यांवर बसून चौथऱ्यावर नावं रंगवत होती. गेल्या काही वर्षांत मारलेल्यांची नावं. चौथं नाव सायलस टॉलिव्हर.

ओडेसा बघतच राहिली. लेकाचं नाव दगडावर! वर्षभर तिनं हेच शोधलं होतं आणि हेच टाळलं होतं. ती त्या बंदीच्या पायऱ्या चढली, पिशवीतून कप काढला आणि नावाखाली आपटला. तुकडे नीट जुळवून ठेवले. मग तिथंच पायरीवर बसली.

शेरीफ, तिथला गोरा पोलीसप्रमुख, धावत आला. चौक झाडणाऱ्या काळ्या एनॉसला त्यानं हाक मारली. "उचल तो कचरा!"

एनॉस तसा भित्रा माणूस, त्याच्या बायकोला विचारा. पण तुकडे दिसले आणि त्यानं टोपी काढली.

"रंग घासतो साहेब. त्या तुकड्यांना हात नाही लावायचा. मातीवरचं आहे ते."

"इथं कोण पुरलंय रे?"

एनॉसनं नाव वाचलं. "ह्या बाईंचा मुलगा."

"चालता हो! उद्यापासून कामावर यायचं नाही."

एनॉसनं झाडू भिंतीला टेकवला आणि तो गाणाऱ्यांत जाऊन उभा राहिला.

मग लाठ्या चालल्या. शेरीफनं ते तुकडे स्वतःच्याच बुटानं लाथाडले. ओडेसाला दंडाला धरून पोलिसांच्या गाडीत कोंबलं. आत अंधार होता आणि घामाचा वास. ती हुंदके देत होती.

"मावशी, लागलं का हो?" शेजारी कोंबलेल्या वर्नेटानं विचारलं.

"नाही गं. माझा सायलस गेला."

वर्षभरात पहिल्यांदाच ती हे बोलली. गाडीतल्या प्रत्येकाला ते केव्हाचं ठाऊक होतं. तरी आत्ताच निरोप आल्यासारखं पुरुषांनी आपापल्या टोप्या काढल्या.